मातीतही भारी, गादीवरही भारी!

हरिश्चंद्र बिराजदार. महाराष्ट्र केसरी, रुस्तम-ए-हिंद, राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदकविजेते आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीतल्या पोरांचे लाडके ‘मामा’. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्याच्या रामलिंग मुदगडचा हा गडी. मातीत उतरवा, गादीवर उभा करा, परदेशात धाडा, नाहीतर लांग कसलेल्या पोरांच्या घोळक्यात वस्ताद म्हणून बसवा, हा माणूस कुठेच उणा पडला नाही. नांदेड-लातूरकडच्या जुन्या शौकिनांना हे सांगायला नको. पण त्यांच्या नातवंडांना यातल्या कितीतरी गमती ठाऊक नाहीत. म्हणून हा सगळा फड एका बैठकीत!

गाव एक, जिल्हे तीन

रामलिंग मुदगड आपल्या जागी निवांत बसून होतं, पत्ता मात्र बदलत राहिला. बिराजदारांच्या लहानपणी निलंगा तालुका हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके बिदरमधून काढून मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. आणि ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादचे तालुके वेगळे काढून लातूर जिल्हा जन्माला आला. म्हणजे ज्यांना आज आपण अभिमानाने ‘लातूर जिल्ह्याचे बिराजदार’ म्हणतो, त्यांनी मानाची गदा उचलली तेव्हा लातूर नावाचा जिल्हाच नव्हता!

दोन दुहेरींच्या मधला एकटा

महाराष्ट्र केसरीची सुरुवात झाली तीही आपल्या मराठवाड्यात. १९६१ साली औरंगाबादला पहिली स्पर्धा भरली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. आठ वर्षांनी, १९६९ मध्ये, स्पर्धा लातुरात आली आणि गदा घरच्याच पोराच्या खांद्यावर गेली. हलगी कडाडतेय, शड्डूचे आवाज घुमतायत आणि आपला माणूस गदा घेऊन फिरतोय, असा दिवस गावाच्या वाट्याला किती वेळा येतो!

विजेत्यांची यादी काढून बघा, तिच्यात एक मजा आहे. १९६७ आणि १९६८ चंबा मुतनाळ. १९७० आणि १९७१ दादू चौगुले. १९७२ आणि १९७३ लक्ष्मण वडार. तिघांनीही गदा दोन-दोनदा मारली. यातल्या पहिल्या दोन जोड्यांच्या मधोमध १९६९ चं एकच साल आहे, आणि ते बिराजदारांचं. पण एका गदेवर त्यांची गोष्ट थांबली नाही. पुढे रुस्तम-ए-हिंदही झालेच.

हळद, ताक, लिंबू आणि तेल

आता जरा हौदात उतरू. आखाड्याची लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. ती चाळतात, भिजवतात, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालतात, रोज खणून भुसभुशीत ठेवतात. पडणाऱ्याला लागू नये, खरचटलं तर चिघळू नये, अंगाला चिकटून पकड बसावी, असा सगळा विचार त्यामागे. खडाखडी सुरू होण्याआधी पैलवान मूठभर माती समोरच्याच्या खांद्या-मानेवर टाकतो, ती सलामी तर असतेच, पण घामाने निसटणारं अंग हाती लागावं म्हणूनही असते.

पारंपरिक निकाली कुस्तीत गुण नाहीत. पाठ लागली की संपलं. तोपर्यंत लढा! त्यामुळे मातीतला मल्ल दम राखून खेळतो, समोरच्याला दमवतो, वाट बघतो. घिस्सा, ढाक, कलाजंग, एकलांगी, मोळी, धोबीपछाड ही नावं उच्चारली तरी जुन्या माणसांचे खांदे हलायला लागतात.

गादीवर हे गणित उलटं होतं. नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, पायात बूट, अंगात कॉस्च्युम. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्धं मिनिट विसावा. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की पाठ न लावताही कुस्ती खलास. इथे वाट बघत बसणाऱ्याला पंच दटावतात आणि शेवटी गुण समोरच्याला देऊन टाकतात. माती संयम मागते, गादी घाई मागते. एकाच देहात दोन्ही मुरवायचं म्हणजे दोन आयुष्यांची मेहनत आहे. म्हणून दोन्हीकडे जिंकणाऱ्याचं मला अतोनात कौतुक वाटतं.

खाशाबा जाधवांनाही हीच घाटी चढावी लागली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गादीवरच्या कुस्तीला पुरते नवखे होते, तरी फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षं घासली, वजनगट बदलला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेटमध्ये कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

आजच्या महाराष्ट्र केसरीत तर ही दुहेरी परीक्षा स्पर्धेतच विणलेली आहे. मातीचा एक विभाग, गादीचा एक विभाग. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांसमोर उभे राहतात आणि गदेचा फैसला होतो.

लातूरनंतर थेट एडिंबरा

१९६९ मध्ये लातूर, आणि पुढच्याच उन्हाळ्यात स्कॉटलंड! १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदारांनी सुवर्णपदक जिंकलं. त्या स्पर्धेत भारताच्या खात्यात एकूण पाच सुवर्णं आली आणि पाचही कुस्तीची होती. म्हणजे देशाच्या पाच सोन्यांतलं एक सोनं निलंगा तालुक्यातलं. हे वाक्य लातूरच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बेसबॉलमधला त्यांचा भाऊबंद

बिराजदारांसारखा ‘कुठेही उतरवा’ असा गडी दुसऱ्या खेळातही सापडतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतही तो असतो. त्यात क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागा. बहुतेक खेळाडू एका जागेवर आयुष्य काढतात. पण एखादा असा निघतो की कुठेही उभा करा, निभावून नेतो. पोर्तो रिकोचा होसे ओकेंदो हा त्यातला अव्वल. सेंट लुईस कार्डिनल्सकडून १९८८ च्या एकाच हंगामात तो नऊच्या नऊ जागांवर खेळला.

१४ मे १९८८ ची लढत तर ऐकाच. अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्धचा सामना नऊ डावांत संपायचा, तो एकोणीस डाव लांबला. सगळे चेंडूफेके खर्ची पडले. मग ओकेंदोच्या हातात चेंडू दिला. हा गडी चार डाव चेंडू टाकत राहिला! सामना ७-५ असा हरला खरा, पण तोपर्यंत झुंजला. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, सेकंड बेसवर उभा राहून अख्ख्या हंगामात त्याच्या हातून जेमतेम तीन चुका झाल्या. म्हणजे सगळीकडे खेळणारा कुठेच धड नसतो, हा समजही त्याने मोडून काढला.

आणि पुढे? २००० पासून २०१५ पर्यंत तो त्याच संघाचा थर्ड बेस कोच. धावत येणाऱ्या गड्याला ‘थांब’ म्हणायचं की ‘पळ’ म्हणायचं, हे क्षणात ठरवणारा माणूस. २००६ आणि २०११ अशी दोन जगज्जेतेपदं संघाने त्याच काळात जिंकली. २००६ आणि २००९ च्या जागतिक बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोचा संघही त्यानेच चालवला. ज्याने नऊही जागांवर उभं राहून मैदान पाहिलंय, त्याला प्रत्येक जागेवरच्या खेळाडूची अडचण न सांगता कळते.

बेसबॉलवरून कुस्तीकडे यायला एक आडवाटही आहे बरं का. उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग हा भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धा जिंकून तो अमेरिकेत गेला, पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला, काही वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला आणि २०१८ मध्ये थेट डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरला. भाला, चेंडू, कुस्ती!

बेळगाव, १९७७

आता बिराजदारांची सगळ्यात गाजलेली कुस्ती. समोर दिल्लीचा सतपाल. गुरू हनुमानांच्या आखाड्याचा पठ्ठा, धिप्पाड, उमेदीतला, उत्तरेत दबदबा असलेला. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी सतपालला अस्मान दाखवलं आणि दक्षिण महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंत एकच जल्लोष झाला.

सतपाल काही लेचापेचा मल्ल नव्हता. त्याने १९७४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, १९७८ मध्ये रौप्य आणि १९८२ मध्ये दिल्लीत सुवर्ण अशी पायरी-पायरीने चढण केली. पुढे तोही वस्ताद झाला. छत्रसाल स्टेडियममधली त्याची तालीम म्हणजे भारतीय कुस्तीचं मोठं ठाणं. सुशीलकुमार त्याचाच शिष्य. सरकारने सतपालला द्रोणाचार्य पुरस्कार दिला, पद्मभूषणही दिलं. बेळगावात एकमेकांना भिडलेले दोघेही पुढे गुरू म्हणून तितकेच मोठे झाले. या दोघांची कुस्ती तिथे संपली असं समजू नका. तिचा पुढचा डाव एकेचाळीस वर्षांनी झाला, तोही ऑस्ट्रेलियात. तो येतोच आहे.

मामांची तालीम

लंगोट खुंटीला टांगल्यावर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला बसले. वस्तादाचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नसतं. पहाटे पोरांना उठवा, जोर-बैठका मोजा, कोणाचं वजन किती चढलं बघा, कोणाच्या खुराकात बदाम कमी पडतायत, कोणाची घरून मनीऑर्डर आली नाही, कोण रात्री रडतोय, सगळं एकाच माणसाने बघायचं. आणि मराठवाड्यातून येणारं पोर नुसती मातीच अंगाला लावून आलेलं असतं. त्याला गादीची सवय लावायची, पण मातीतला चिवटपणा घालवायचा नाही. ज्याने स्वतः लातूरच्या फडातून एडिंबराच्या गादीपर्यंतची वाट चाललेली आहे, त्यालाच ही शिकवण साधते. भारत सरकारने त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला. माझ्या लेखी गदेपेक्षाही ही वस्तादकी मोठी आहे.

त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचं एक पोर आलं. राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान, घरात कुस्तीचं वेड. २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरली, तिथे राहुलने सुवर्ण जिंकलं. २००९ आणि २०११ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यं मिळवली. पण सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले. ज्या वयात गुरूचा हात पाठीवर हवा, नेमका तेव्हा तो हात सुटला.

१२ एप्रिल २०१८

गोल्ड कोस्ट, ऑस्ट्रेलिया. राष्ट्रकुल स्पर्धेतल्या कुस्तीचा दिवस. ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत राहुल आवारेने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं आणि सुवर्णपदक गळ्यात घातलं. ते पदक त्याने दिवंगत गुरू बिराजदारांना अर्पण केलं. १९७० मध्ये गुरूला सोनं, २०१८ मध्ये शिष्याला सोनं. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं.

त्याच दिवशी, त्याच सभागृहात, ७४ किलो गटात आणखी एका भारतीयाने सुवर्ण जिंकलं. दक्षिण आफ्रिकेच्या योहानेस बोथाला त्याने दीड मिनिटही टिकू दिलं नाही. कोण होता तो? सुशीलकुमार. सतपालचा शिष्य!

बेळगावच्या मैदानात एकमेकांच्या छातीवर बसायला निघालेल्या दोन मल्लांचे चेले एकाच दिवशी, एकाच तिरंग्याखाली सुवर्ण जिंकतात. पटकथाकाराने असं लिहिलं असतं तर निर्मात्याने ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून कापून टाकलं असतं. पण हे खरं घडलंय, आणि मला वाटतं मराठी क्रीडाविश्वातला हा सगळ्यात सुंदर योगायोग आहे.

वजन बदललं, पदक आलं

राहुलनेही गुरूचा ‘कुठेही उतरवा’ हा गुण उचलला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला जायची संधी हुकली होती, तरी हटला नाही. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तो ५७ ऐवजी ६१ किलोत उतरला. ६१ किलो हा ऑलिंपिकमध्ये नसलेला गट, पण जागतिक स्पर्धेत तोलामोलाचा. कझाकस्तानच्या नूर-सुलतानमध्ये अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ हरवून त्याने कांस्य मिळवलं. पाटोद्याच्या पोराच्या गळ्यात जागतिक पदक! पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कारही आला.

पुन्हा लातूर: काका पवार

मामा गेल्यावर राहुलला ज्यांनी सांभाळलं ते काका पवार, तेही लातूरचेच. त्यांचा स्वतःचा खेळ ग्रीको-रोमन, १९९८ चे अर्जुन पुरस्कार विजेते. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, पाय घालायचा नाही. आता विचार करा, आपल्या मातीतली कुस्ती पट काढण्यावर, टांग मारण्यावर, लपेट लावण्यावर पोसलेली. तिथून येऊन अर्धे डाव विसरायचे आणि निव्वळ छाती, खांदे, कंबर यांवर खेळायचं, वर देशातल्या अव्वल मल्लांत नाव मिळवायचं. पवारांनी ते करून दाखवलं.

मग त्यांनीही पुण्यात, कात्रज परिसरात तालीम काढली. या तालमीने जानेवारी २०२० मध्ये जो चमत्कार घडवला, त्याला तोड नाही. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरी. गादी विभागात नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने अभिजित कटकेला हरवलं. माती विभागात लातूरच्या शैलेश शेळकेने बाजी मारली. गदेसाठी सदगीर विरुद्ध शेळके, एक गादीचा विजेता, दुसरा मातीचा. आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे!

आता वस्तादाने कोणाच्या बाजूने ओरडायचं? अंतिम कुस्तीआधीच गदा त्यांच्या तालमीत पोचली होती, कोणाच्या खांद्यावरून येणार एवढंच ठरायचं होतं. शेवटच्या क्षणांपर्यंत रंगलेली ती कुस्ती सदगीरने ३-२ अशी मारली. मग त्याने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. रोज सकाळी ज्याच्याबरोबर जोर मारतो, त्याच्याशी गदेसाठी लढायचं आणि लगेच त्यालाच खांद्यावर घ्यायचं, हा संस्कार तालमीचा.

क्रिकेटमधला नमुना: चंदू पंडित

कुठेही खेळा आणि मग सगळीकडे शिकवा, याचा मराठी क्रिकेटमधला नमुना हवा असेल तर चंद्रकांत पंडित. मूळचे यष्टिरक्षक. पण १९८६ मध्ये हेडिंग्लेला कसोटी पदार्पण झालं ते निव्वळ फलंदाज म्हणून, यष्टीमागे किरण मोरे होते. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही आजारी वेंगसरकरांच्या जागी वानखेडेवर फलंदाज म्हणूनच उतरवलं गेलं. जागा मिळेल तिथे खेळले.

प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी रांगच लावली. मुंबईला तीनदा, विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि मध्य प्रदेशाला एकदा रणजी करंडक. त्यातला मध्य प्रदेशाचा किस्सा जिवाला चटका लावणारा. १९९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी अंतिम सामना मध्य प्रदेश हरला, तेव्हा कर्णधार पंडित होते. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी करंडक उंचावला. समोरचा पराभूत संघ होता मुंबई, त्यांचं स्वतःचं जुनं घर.

नांदेडकडे, माळेगावला

आणि हे सगळं जिथून सुरू होतं ते पाहायचं असेल तर नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात चला. माळेगावची खंडोबाची जत्रा, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून. घोडे, गाढवं, बैल, उंट यांचा बाजार, लावणीचे फड आणि कुस्त्यांची दंगल. लातुरात हवी असेल तर महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा आहेच.

गावोगावच्या जत्रांतल्या फडांची उतरंड ठरलेली असते. सुरुवातीला चिल्लीपिल्ली. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. मग थोड्या मोठ्या पोरांच्या, काही रुपयांच्या. शेवटी इनामी जोड, ज्यासाठी गाव ताटकळत बसतं. पंच मंडळी मैदानात फिरून जोड जमवतात, दोन पोरांना शेजारी उभं करून उंची-वजन डोळ्यांनीच तोलतात आणि ‘लागली रे’ म्हणतात. वजनकाटा नाही, वयाचा दाखला नाही. नेमक्या याच घटकेला फडाच्या कडेला फेटे बांधून बसलेल्या वस्तादांची नजर कामाला लागते. कोण पडल्यावर लगेच उठतो, कोण दुसऱ्या कुस्तीला तयार असतो, कोणाची मान जाड आहे, कोणाच्या कमरेत लवचीकता आहे. वस्तादाला आवडलं की तो पोराच्या बापाला गाठतो.

तेव्हा जत्रेला जाणार असाल तर इनामी कुस्तीच्या वेळी पोचू नका. दुपारीच जा, पुढे जागा धरा आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या बघा. जे पोर जिंकेल त्याच्या हातावर पाच-पन्नास रुपये जरूर ठेवा, त्याच्या खुराकाला तेवढीच मदत.